उडीच्या पलीकडे कोण उभं होतं? नाशिकमधल्या एका श्रद्धांजली मेळाव्याचं प्रकरण

दादा गेला त्या रात्री आम्ही तीस-चाळीस जण सातपूरला एका चहाच्या टपरीसमोर उभे होतो. घरी जायला कुणाचा पाय निघत नव्हता. शेवटी एक पोरगा बोलला, "पुढच्या रविवारी पाथर्डी फाट्यावरून रॅली काढू, गंगापूर धरणापर्यंत. दोनशे गाड्या. धरणावर पोचलो की सगळ्यांनी एकदम रेस द्यायची, दोन मिनिटं. कोण गेलं ते अख्ख्या नाशिकला कळलं पाहिजे." कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही.

मेळावा झाला, पण तो असा झाला नाही. आठवडाभर उशिरा झाला, दुसऱ्या जागी झाला, आणि इंजिनं बंद ठेवून झाला. मधल्या पंधरा दिवसांत काय ठरलं, काय मोडलं, कुठे चुकलो, ते सविस्तर लिहून ठेवतोय. आपल्या राज्यात असे मेळावे होतच असतात आणि ते भरवणारे बहुतेक वेळा आमच्यासारखेच असतात, दुःखात आणि घाईत. घरच्यांना विचारूनच लिहितोय. त्याचं नाव, गाडीचा नंबर आणि ट्रॅकचं ठिकाण दिलेलं नाही. त्याला सगळे दादा म्हणत. मी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, तरी मीही दादाच म्हणायचो.

तो कोण होता

वय 34. सातपूर एमआयडीसीत सीएनसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कारखान्यातली मशिनं लावून देणारा. सिडकोत दोन खोल्यांचं घर, त्यात आई-वडील, बायको आणि सात वर्षांची मुलगी. शनिवारी सेकंड शिफ्ट करून आला की गॅलरीत बसून एअर फिल्टरचा फोम धुवायचा, वाळल्यावर त्याला तेल चोळायचा आणि पिशवीत घालून ठेवायचा. मातीच्या ट्रॅकवर फिल्टर कोरडा राहिला तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, हे आमच्यातल्या निम्म्या पोरांना त्यानं शिकवलं.

नाशिकला मातीतल्या गाड्यांचं वेड जुनं आहे. रॅली ऑफ महाराष्ट्रचे टप्पे इथल्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर झालेत, राष्ट्रीय सुपरक्रॉसची फेरीही शहरानं पाहिली आहे. आमची पिढी आरएक्स 100 वर वाढली. ती गाडी 1996 मध्ये बंद झाली, तरी पुढची कित्येक वर्षं लोकल क्लासमध्ये तिचाच आवाज घुमायचा आणि टू-टी ऑइलच्या धुरात मैदान निळं व्हायचं. दादानं सुरुवात तिच्यावरच केली. मग पतसंस्थेचं कर्ज काढून एक जुनी 250 ची मोटोक्रॉस गाडी घेतली. तिला दिवा नाही, नंबरप्लेट नाही. ती रस्त्यावर चालवताच येत नाही, छोटा हत्तीत घालून न्यावी लागते. रस्त्यावर तो साध्या 125 वर फिरायचा आणि पन्नासच्या वर जायचा नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून नाशिकमध्ये हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपावर भांडणाऱ्या लोकांना तो स्वतःचं हेल्मेट काढून दाखवायचा. आतला थर्माकोल कसा दबतो आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा का वापरायचं नाही, हे समजावून सांगायचा. ट्रॅक वेगळा आणि रस्ता वेगळा, हे त्याचं रोजचं वागणं होतं. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात असू द्या, कारण पहिल्या रात्री आम्हीच ते विसरलो होतो.

काय घडलं

स्पर्धा नव्हती. जिल्ह्याबाहेरच्या एका ट्रॅकवर रविवारचा सराव होता. आठ जण होते. मी गेलो नव्हतो.

या ट्रॅकवर एक टेबलटॉप आहे. टेबलटॉप म्हणजे चढ, वर सपाट आणि पलीकडे उतार. चढाला लागलेल्या माणसाला पलीकडचा उतार दिसत नाही. तिथे कुणी पडलेलं असेल तर ते हवेत गेल्यावर कळतं, आणि हवेत गेलेल्याच्या हातात फार काही उरत नाही. ब्रेक लागत नाही, वळता येत नाही, गाडी जिथे पडायची तिथेच पडते. म्हणून अधिकृत स्पर्धेत अशा उतारावर पिवळा झेंडा घेऊन मार्शल उभा असतो. झेंडा हलला की वेग कमी करायचा, कुणाला मागे टाकायचं नाही आणि उडी मारायची नाही, चाकं जमिनीवर ठेवून टेबल ओलांडायचं. मार्शल, डॉक्टर आणि रुग्णवाहिका जागेवर असल्याशिवाय स्पर्धा सुरू करत नाहीत. सरावाला यातलं काहीच नव्हतं.

दादाचं पुढचं चाक उतारावर घसरलं. तो पडला, उठायला लागला, आणि मागून 19 वर्षांचा पोरगा हवेत आला. दादाचं हेल्मेट डोक्यावर होतं, पट्ट्याची डबल डी-रिंग बांधलेली होती, छातीचं चिलखत होतं, मानेला नेक ब्रेस होती. शंभर किलोच्या वर वजनाची गाडी आणि तिच्यावरचा माणूस वरून आल्यावर या वस्तूंना जेवढं जमतं तेवढं त्यांनी केलं. गाडीत घालून त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.

टपरीसमोर त्या पोराचं नाव निघालंच. "मागून येणाऱ्यानं बघायला नको?" असं दोघं-तिघं म्हणाले. मी बारा वर्षं झेंडा धरलाय, त्यामुळे हे तिथल्या तिथे थांबवणं माझं काम होतं. त्या पोराला दिसणं शक्यच नव्हतं. मी चहाचे दोन ग्लास आणि एक पुठ्ठा घेऊन टेबलटॉप करून दाखवला आणि एकेकाला खाली बसवून विचारलं, "पलीकडचा ग्लास दिसतो का?" त्यानंतर त्याचं नाव निघालं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

आवाज कुणासाठी

रॅलीच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे एक खरा दाखला होता. तो मलाही पटलेला होता. मोटोजीपीचा रायडर मार्को सिमोन्चेल्ली 23 ऑक्टोबर 2011 ला मलेशियात सेपांगच्या शर्यतीत मरण पावला. पुढची शर्यत 6 नोव्हेंबरला व्हॅलेन्सियाला होती. तिथे मौन पाळलं नाही. जुना विश्वविजेता केव्हिन श्वान्ट्झनं त्याची गाडी ट्रॅकवरून फिरवली, मागून सगळ्या वर्गांतले रायडर आले, आणि मग सगळ्यांनी मिळून आवाज केला, इंजिनांचा आणि फटाक्यांचा. आमच्या पोरांना ते चित्र तोंडपाठ आहे. "मौन काय कुणीही पाळतं काका, रेसरला आवाजानं निरोप द्यायचा," असं मला ऐकवलं गेलं.

मी दोन दिवस यावर विचार केला. व्हॅलेन्सियाचा तो आवाज सिमोन्चेल्लीच्या वडिलांनी मागितला होता, आणि तो बंद ट्रॅकवर झाला. आम्ही कुणाला विचारलं होतं? इतर ठिकाणी लोकांनी वेगळं केलं आहे. 12 जानेवारी 2020 ला डकार रॅलीत हीरोच्या संघाचा पाउलो गोन्साल्व्हिस गेला, तेव्हा दुसऱ्या दिवशीचा मोटरसायकलींचा टप्पाच रद्द झाला आणि हीरोचा संघ स्पर्धेतून बाहेर पडला. 5 ऑगस्ट 2023 ला चेन्नईच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा 13 वर्षांचा श्रेयस हरीश गेला, तेव्हा शनिवार-रविवारच्या उरलेल्या सगळ्या शर्यती थांबवल्या. आवाज, थांबणं, मौन, तिन्ही रीती खऱ्या आहेत. त्यातली कुठली कुठे शोभेल, हे त्या घरच्या माणसांनाच ठाऊक.

चौथ्या दिवशी मी आणि दोघं सिडकोत गेलो. त्याचे वडील, अण्णा, खुर्चीत होते. मी आडवळणानं विषय काढला. पोरांची इच्छा आहे, गाड्या घेऊन येतील, थोडा आवाज होईल. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खाली कुणाचीही गाडी वाजली की मी उठून दाराशी जातो. चार दिवस झाले, अजून जातोय. तुम्ही दोनशे गाड्या आणल्यात तर मी कितीदा उठू?"

रॅली तिथेच संपली. पोरांना मी कायद्याची कारणंही सांगितली, आणि ती खोटी नव्हती. सार्वजनिक रस्त्यावर लेखी परवानगीशिवाय वेगाची चढाओढ केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 189 लागतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. गंगापूर रोडनं धरणाकडे जाताना दवाखाने आणि शाळा किती लागतात ते नाशिककराला सांगायला नको. मला खरी भीती वेगळीच होती. रविवारी सकाळी धरणाच्या रस्त्यावर चालायला आलेली म्हातारी माणसं असतात, सायकलवाले असतात, भाजीच्या गाड्या असतात, आणि त्यात दोनशे रडवेली पोरं एकमेकांना आवाज ऐकवत जाणार. दादाच्या नावानं दुसरं कुणी गेलं असतं तर त्या घरी मी काय तोंड दाखवलं असतं?

तरी खरं सांगतो, पोरांना पटलं ते कलम 189 मुळे नाही. अण्णांचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, त्यावर कुणी काही बोललं नाही.

रामकुंडावर

दहाव्याला गोदाघाटावर दशक्रिया होती. साठेक पोरं आली, गाड्या लांब लावून पायी आली. ऊन चढायला लागलं होतं. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरले.

कावळा येईना. रामकुंडावर कावळ्यांची वाण नाही, शेजारच्या पिंडांवर ते तुटून पडत होते. दादाच्या पिंडापाशी एक यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उडायचा. पंधरा मिनिटं गेली. मग सुरू झालं, आपल्याकडे होतं तसं. "पोरीचं शिक्षण आम्ही करू रे," एक जण मोठ्यानं म्हणाला. "आईवडिलांची काळजी करू नको," दुसरा म्हणाला. कावळा नाही. मग त्याचा सगळ्यात जवळचा मित्र पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "तुझी गाडी विकणार नाही दादा. शब्द देतो. तुझी गाडी जपून ठेवू."

वहिनी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण शांत आवाजात म्हणाल्या, "गाडी विकायची आहे. पतसंस्थेचा हप्ता आहे. त्यांनाही माहीत होतं." आणि पुन्हा बसल्या.

अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

हा प्रसंग इतका सविस्तर सांगतोय, कारण माझ्या लेखी या प्रकरणाचं वळण इथे आहे. तोवर आम्ही सगळे दादाशी बोलत होतो, दादाला शब्द देत होतो, दादाला काय आवडेल ते ठरवत होतो. ज्या बाईला पाच तारखेला हप्ता भरायचा होता, तिच्याशी दहा दिवसांत "धीर धरा वहिनी" याच्यापलीकडे कुणी बोललं नव्हतं. त्या दुपारी मी त्यांना पहिल्यांदा सरळ विचारलं, "वहिनी, मेळावा घेऊ का? घेतला तर तुम्हाला काय हवं?" त्या म्हणाल्या, "घ्या. मी येईन. मला एक गोष्ट सगळ्यांसमोर विचारायची आहे. आणि भाऊजी, त्यांच्या कागदांचं मला काही कळत नाही, कुणीतरी बसा माझ्याबरोबर."

मेळावा

तेराव्यानंतरचा रविवार ठरला, सकाळी आठ ते दहा. जागा मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबाग काढून मोकळं ठेवलेलं एका ओळखीच्या शेतकऱ्याचं रान. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, त्यावर सही माझी. त्यात लिहिलं ते असं: मिरवणूक नाही, लाउडस्पीकर नाही, हेल्मेटशिवाय प्रवेश नाही. नाशिक रोड, पंचवटी आणि अंबड-सातपूर अशा तीन बाजूंनी दहा-दहाच्या गटात यायचं आणि दोन गटांत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं, म्हणजे रस्त्यावर कुठे रॅली दिसणारच नाही. एका स्थानिक पुढाऱ्यानं फ्लेक्सचा आणि नाश्त्याचा खर्च उचलायची तयारी दाखवली. नम्रपणे नाही म्हटलं. चहा आमचा आम्ही केला.

रानाच्या वळणापाशी एक जण उभा केला होता. तिथे इंजिन बंद करायचं आणि पुढचे दोनशे मीटर गाडी ढकलत आणायची. हे अण्णांसाठी ठरवलं होतं. प्रत्यक्षात काय होईल याचा मला अंदाज नव्हता. दीडशेच्या आसपास गाड्या एकामागून एक ढकलत आल्या. मुरमावर टायरांचा कर्र कर्र आवाज, चेनचा टकटक आवाज आणि माणसांचं धापा टाकणं, एवढंच ऐकू येत होतं. जड बुलेटवाल्यांना मागून कुणी ना कुणी हात लावत होतं. एरवी एकमेकांच्या पुढे जायला बघणारी पोरं एका रांगेत, मान खाली घालून, पावलापाऊल चालत होती. अण्णा खुर्चीवरून बघत होते. ते एकदाही उठले नाहीत.

मध्ये दादाची गाडी स्टँडवर ठेवली होती, ट्रॅकवरची माती तशीच. पाच जण बोलले, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. त्यातला एकच भाग सांगतो. त्याच्या कारखान्यातला एक ऑपरेटर बोलला, जो कधी गाडीच्या शर्यतीला गेलेला नव्हता. "मशिनचं दार उघडं असताना स्पिंडल फिरवायचा नाही, हे तो दर शिफ्टला सांगायचा. आम्ही कंटाळायचो. माझी पाच बोटं आहेत ती त्याच्यामुळे."

तो 19 वर्षांचा पोरगा वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून आला होता. शेवटच्या रांगेत हेल्मेट हातात धरून उभा होता. अण्णांनी त्याला हाक मारली आणि शेजारी बसवून घेतलं. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

मग वहिनी उठल्या. हातात कागद नव्हता.

"मी तिथे गेले नव्हते," त्या म्हणाल्या. "म्हणून विचारते. ती उडी असते, तिच्या पलीकडे कोण उभं होतं?"

कुणी उत्तर देईना. त्यांनी पुन्हा विचारलं, चिडून नाही. "स्पर्धेला झेंडेवाले असतात, हे मला त्यांनीच दाखवलं होतं. मग त्या दिवशी कोण होतं?"

शेवटी मी बोललो. "कुणी नव्हतं वहिनी. सरावाला आम्ही कधीच कुणाला उभं करत नाही."

"का?"

या एका शब्दाला उत्तर देता देता अर्धा तास गेला, आणि तोच त्या मेळाव्याचा गाभा ठरला. कुणी म्हणालं, सरावाला सगळे चालवायलाच येतात, झेंडा धरायला कोण थांबणार. कुणी म्हणालं, रुग्णवाहिकेचं दिवसाचं भाडं परवडत नाही. एक जण म्हणाला, "आजवर काही झालं नव्हतं." आणि म्हणताच खाली बसला. मी सांगितलं, स्पर्धेला मी बारा वर्षं झेंडा धरला, पण सरावाला धरतो असं कधी स्वतःहून म्हटलं नाही. रविवारची सुट्टी मला मोडायची नव्हती. हे त्या माणसांसमोर म्हणणं सोपं नव्हतं, पण दुसरं खरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

तिथल्या तिथे एका पुठ्ठ्यावर ठरलं. उतार दिसत नाही अशा प्रत्येक उडीवर एक माणूस आणि एक पिवळा झेंडा. झेंडे पुरले नाहीत तर ती उडी बंद, मध्ये टायर लावून टाकायचे. वीस मिनिटं चालवायचं, वीस मिनिटं उभं राहायचं, आळीपाळीनं. उभ्या माणसाच्या हातात मोबाइल नाही. पडलेल्याचं हेल्मेट एकट्यानं ओढून काढायचं नाही, आधी मान धरायची, आणि काढायचंच झालं तर दोघांनी, एकानं मान सांभाळून. जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागतात, हे सरावाआधी सगळ्यांना सांगायचं. रुग्णवाहिका दर वेळी जमणार नाही, पण स्ट्रेचर आणि तो आडवा बसेल एवढी एक गाडी कायम जागेवर. एक्केचाळीस जणांनी नावं लिहिली. वहिनींनी पुठ्ठा हातात घेऊन पूर्ण वाचला आणि परत दिला.

शेवटी मौन. दोन मिनिटं.

जे चुकलं

परत जाताना तिघांनी नको ते केलं. रस्त्यावर आल्यावर फटाका सायलेन्सरच्या गाड्या जोरजोरात वाजवल्या, त्यातल्या एकानं पुढचं चाक उचललं, आणि तेही एका दवाखान्यासमोर. कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं. दुपारी मला पोलीस ठाण्यातून फोन आला, अर्जावर सही माझी होती म्हणून. तिघांना घेऊन गेलो. दंड झाला, सायलेन्सर काढून घेतले.

येताना कसं यायचं ते आम्ही मिनिटांच्या हिशेबानं आखलं होतं. जाताना कसं जायचं याचा विचारच केला नव्हता. दोन तास दाबून धरलेलं दुःख गेटबाहेर पडल्यावर कुठेतरी फुटणार, हे मला कळायला हवं होतं. पुन्हा कधी अशी वेळ आली, येऊ नये, तर परतीचेही गट करीन आणि प्रत्येक गटात पुढे-मागे एकेक वडीलधारा माणूस ठेवीन.

कागद

हा भाग मेळाव्याइतकाच मोलाचा आहे, म्हणून थोडा थांबतो.

आमच्यातल्या बहुतेकांचा समज असा की गाडीचा विमा आहे म्हणजे घरच्यांना पैसे मिळतील. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघाती संरक्षण असतं हे खरं. पण शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. शिवाय दादाची मोटोक्रॉस गाडी नोंदणीचीच नाही, तिला विमाच नव्हता. तिथून काही मिळणार नव्हतं, आणि हे वहिनींना पहिल्या दिवशीच स्वच्छ सांगणं गरजेचं होतं.

मिळालं ते दुसरीकडून. माझ्या कंपनीत प्रॉव्हिडंट फंडाचं काम बघणारा एक मित्र आणि मी, आम्ही सलग तीन संध्याकाळी वहिनींच्या स्वयंपाकघरात फरशीवर कागद पसरून बसलो. पीएफ कापला जातो त्या प्रत्येक कामगाराला ईडीएलआयचा विमा असतो. त्यासाठी त्याच्या पगारातून काही जात नाही, मालक भरतो. नोकरीत असताना माणूस गेला की वारसाला 7 लाखांपर्यंत मिळतात. मृत्यू कामावर झाला की मैदानावर, याला तिथे महत्त्व नाही. शिवाय पीएफची शिल्लक, बायकोला निवृत्तिवेतन आणि मुलीला वयाच्या 25 वर्षांपर्यंत वेगळं निवृत्तिवेतन. दादानं नामनिर्देशनात लग्नाआधी आईचं नाव टाकलं होतं आणि ते बदललंच नव्हतं. त्यामुळे धावपळ वाढली. आईंनी सगळीकडे सह्या केल्या, तिथे अडचण आली नाही. प्रत्येक घरात असंच होईल याची खात्री मी देणार नाही. तुमचं नामनिर्देशन आज काढून बघा.

तिसऱ्या संध्याकाळी बँकेचं पासबुक चाळत होतो. मित्राचं बोट एका ओळीवर थांबलं. मे अखेरची नोंद, 436 रुपये. तिच्या खाली 20 रुपये. वहिनी म्हणाल्या, "हे काय कापलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. बँकेत एकदा फॉर्मवर सही घेतली होती." 436 म्हणजे जीवन ज्योती विमा, मृत्यू कशानंही झाला तरी 2 लाख. 20 म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला 2 लाख. शवविच्छेदनाचा अहवाल आणि आकस्मिक मृत्यूच्या नोंदीची प्रत फाइलला होतीच. मित्रानं दोन्ही ओळींखाली पेन्सिलनं रेघ मारली. वहिनींनी पासबुक जवळ ओढून त्या रेघांकडे बराच वेळ बघितलं आणि मग मुलीला हाक मारून आम्हाला पाणी द्यायला सांगितलं.

मेळाव्यात वर्गणीचा डबा फिरवला नाही. ज्यांना द्यायचं त्यांनी थेट वहिनींच्या खात्यात दिलं. मधे कुणाचंही खातं नाही, माझंही नाही. सव्वा लाखाच्या आसपास जमलं. त्यातून पतसंस्थेचा बराचसा बोजा उतरला.

आज

मेळाव्याला पाच महिने झाले. 436 वाला दावा सगळ्यात आधी मंजूर झाला. निवृत्तिवेतन सुरू झालं आहे. गाडी धुळ्याच्या एका रायडरनं घेतली. न्यायला आला तेव्हा वहिनींनी त्याला फिल्टरच्या फोमची पिशवी वेगळी दिली आणि धुतल्यावर तेल लावायचं लक्षात ठेवा म्हणून सांगितलं.

तो 19 वर्षांचा पोरगा अजून गाडीवर बसलेला नाही. पंधरा दिवसांतून एकदा आमच्यातलं कुणीतरी त्याच्या घरी जातं, चहा पितं, गाड्यांचा विषय न काढता परत येतं. अण्णाही दोनदा जाऊन आले.

पुठ्ठा माझ्या घरी आहे. पहिले दोन महिने एकही रविवार रिकामा गेला नाही. तिसऱ्या महिन्यात दोन नावं गळाली, चौथ्यात पाच. एका रविवारी चार उड्यांना तीनच माणसं होती, म्हणून चौथ्या उडीवर टायर लावले. तेव्हा दोघांनी कुरकुर केली आणि ते परत गेले. बाकीच्यांनी चालवलं. मी दुसऱ्या टेबलटॉपवर होतो. दहाच्या सुमाराला एक जण उतारावर पडला, मी झेंडा हलवला, मागचे तिघं चाकं जमिनीवर ठेवून टेबल ओलांडून आले आणि त्याला वळसा घालून निघून गेले. तो उठला, हँडल सरळ केलं, किक मारली.

येत्या रविवारसाठी तीन नावं आली आहेत. चौथ्यासाठी मी आज संध्याकाळी फोन लावतोय.